बद्द वाजलेला रांजण

वेरूळच्या एका नव्या हॉटेलात, आत शिरल्या शिरल्या समोर, काळ्या दगडाचा चौथरा होता. छतातून त्यावर दिवा सोडला होता. दिवा लागलेला होता. चौथऱ्यावर काहीच नव्हतं.

*

बन्सीच्या बहिणीच्या साखरपुड्यात पेढे उरले. बन्सी स्वतः हजर होता, याचंच घरच्यांना जास्त नवल वाटलं.

*

कॉलेजच्या रसायनशाळेत एखादा पोरगा तापलेली काचनळी पाण्यात बुडवायचा आणि घाबरून डोळे मिटायचा. नळ्या धुणाऱ्या बाई म्हणायच्या, "उघड डोळे. ही काच तशी नाही."

*

घंटागाडी गारखेड्याच्या गल्लीत रोजच्यासारखी गाणं वाजवत आली, कचरा घेऊन गेली.

*

गॅसचा खटका बंद करायला एक बोट पुरतं.

*

बद्रीनाथच्या उजव्या चपलेत काहीतरी रुतलं होतं. फरशीवर पाय टेकला की कर्र वाजायचं. त्यानं दुर्लक्ष केलं.

*

"मला माफी मागायची नाय," ती बाई दारातूनच म्हणाली. "तेवढं तुमच्याकडून होतं का बघा."

क्रांती चौकात, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत, द्वारकाबाई शेजूळ यांची कचेरी होती. खाली रिक्षांचा कालवा, वर पंख्याची घरघर. द्वारकाबाईंची सगळी नोकरी कॉलेजच्या रसायनशाळेत, नळ्या-बाटल्या धुण्यात झाली. तिथल्या स्पिरिटच्या बाटल्या कोण पळवतं हे शोधता शोधता त्यांना तपासाची गोडी लागली, आणि निवृत्तीनंतर त्यांनी खासगी तपासाची पाटीच लावली. मदतीला होता बद्रीनाथ, एसटीचा निवृत्त कंडक्टर. माणूस सरळ. गाडी उशिरानं पोचते, पण पोचते, असं बाई त्याच्याबद्दल म्हणायच्या.

"बसा तर आधी," द्वारकाबाई म्हणाल्या. "कशाची माफी?"

"न फोडलेल्या रांजणाची."

बाई बसली. पुतळाबाई तिचं नाव. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग होते, आणि ते झाकायला तिनं पदर घेतलेला नव्हता. गारखेड्याच्या टोकाला तिची काचेची भट्टी. सासरा तिथं बांगड्या करायचा, नवरा अत्तराच्या कुप्या. नवरा गेल्यावर लोखंडी फुंकणी हिनं तोंडाला लावली. बाईमाणसानं भट्टीवर फुंकायचं नसतं, असं सांगायला भावकी आली होती. भावकी चहा पिऊन परत गेली.

मग पुण्याची ऋजुता आली. तिनं आकार कागदावर काढायचे, पुतळाबाईनं ते काचेत फुगवायचे. माल दिल्ली-मुंबईला जाऊ लागला. शहरातल्या एका कंपनीनं विक्री अंगावर घेतली, भट्टीला गॅसही कंपनीच देऊ लागली. कंपनीचे व्यवस्थापक कुलथे. वेरूळच्या हॉटेलासाठी गुडघ्याहून उंच रांजण करायचं ठरलं. हिरवट काच, तिच्यावर निळ्या काचेचा धागा गुंडाळलेला.

"केला. माझ्या हातून इतका मोठा कधी उतरला नव्हता," पुतळाबाई म्हणाली. "अन् निळा तर काय सांगू. आमचा निळा कायम हिरव्याकडं झुकतो. ह्यो निस्ता निळा. लई देखणा."

"मग?"

"गार करायच्या भट्टीतून काढला, तवा नखानं टिचकी मारली. मी हर भांड्याला मारते. चांगली काच बोलती. ह्यो बद्द वाजला. मी चारचौघांत म्हणले, ह्यो टिकणार नाय, नेऊ नका. तर आता तीच धमकी झाली बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं शेडचं कुलूप उघडलं. रांजण मेजावर उभा. ती भट्टीपुढं उदबत्ती लावायला वळली. पाठीमागं टक् झालं, आणि फिरून बघते तर काचांचा ढीग. आत तिच्याखेरीज कोणी नव्हतं. कालची गोष्ट.

"आज संध्याकाळी हॉटेलवाले येणारेत. त्यांच्यापुढं कबूल करायचं, मी रागानं फोडला, माफ करा. नायतर कुलथेसाहेब गॅस बंद करणार."

"बंद केला तर?"

"काच वितळायचं मातीचं भांडं असतं, मूस म्हणतेत. आतली काच थिजली की मुशीला घेऊन तडकती. मग निस्त्या इटा. नवी मूस साहेब देणार नायत. त्यांना साच्यातल्या काचेचं गोदाम करायचंय तिथं. माझं मन मोडलं की शेड मिळंल, असा हिशेब हाय."

बद्रीनाथला राहवलं नाही. "मग मागून टाका की माफी. दोन शब्दांचं काम."

पुतळाबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "तुम्ही काय करत होता?"

"एसटीत कंडक्टर."

"समद्या गाडीपुढं म्हणला असता का, तिकिटं चोरली मी? दोनच शब्दांचं काम हाय."

बद्रीनाथनं खिडकीबाहेर पाहिलं. द्वारकाबाई पिशवी घेऊन उठल्या होत्या.

"बद्रीनाथ, दोन बेल," त्या म्हणाल्या. म्हणजे निघायचं.

*

गारखेड्यात चहूबाजूंनी घरं झाली होती, मधोमध भट्टीची शेड. फाटकापाशीच बद्रीनाथच्या चपलेत काहीतरी रुतलं. आत गॅसचा एकसारखा घुंऽऽ आवाज, आणि भिंतीला लागून फुटक्या बाटल्यांचे ड्रम.

पहिला भेटला सोनाजी, पुतळाबाईचा दीर. आग सांभाळायचं काम त्याचं.

"वहिनीनं फोडला असता तर म्हणली असती, व्हय, फोडला, काय करता," तो म्हणाला. "ती लपवणारी नाय."

"रांजण केला त्या दिवशी काही वेगळं घडलं?"

"वेगळं म्हंजी, माझ्या भिवया गेल्या." त्यानं चेहरा पुढं केला. खरंच नव्हत्या. "रंगाची बारकी भट्टी हाय ना, तिला ऋजुता मॅडमनं लई आग मागितली. अजून, अजून. म्हणल्या, निळं मऊच होईना. एरवी तेवढ्या आगीत निळ्याचं पाणी होतं. मंडळी म्हणती, भिवया नाय तर निदान मिशी तरी ठेव."

"भट्टी विझली तर तुम्ही काय कराल?"

सोनाजीचं हसू मावळलं. "ती कधी इझली नाय, बाई. पोलिस ॲक्शन झाली, निजाम गेला, तवा पेटली ती पेटली. आता इझंल तर कसं सांगू, काय करीन."

दुसरा बन्सी. चाळिशीचा गृहस्थ, पुतळाबाईचा मदतनीस. निळा धागा चढवायचं काम त्याचं. ती फुंकणी फिरवते आणि तो वितळलेला निळा रंग वरून सोडतो, फिरत्या चरख्यावर सूत चढावं तसा.

"पण रांजणाला म्या नाय चढवला," तो म्हणाला. "बहिणीचा साखरपुडा होता. कुलथेसाहेब रजा द्यायचे नायत, पर मॅडमनं दिली. वर पेढ्याचा डबा दिला. म्हणल्या, धागा मी बघते, तुम्ही जावा."

"आणि काल काचा कोणी झाडल्या?"

"मीच. मॅडम वेरूळहून आल्या अन् म्हणल्या, उचलून घ्या. हिरवं ड्रमात भरलं. हितं काच फेकत नसतेत, बाई. फुटलेलं पुन्हा मुशीत जातं. निळं तेवढं निवडलं अन् घंटागाडीत घातलं. बारीक होतं ना. हात कापंल म्हणल्या मॅडम."

"जीव लावतात तुम्हाला," बद्रीनाथ म्हणाला.

"व्हय, लई."

द्वारकाबाई ड्रमाशी वाकल्या होत्या. त्यांनी दोन तुकडे काढले. एक जुन्या पेल्याचा, काठाला निळी रेघ असलेला. दुसरा रांजणाचा. रांजणाच्या तुकड्यावर जिथं धागा होता तिथं नुसती एक गुळगुळीत पन्हळ उरली होती. हातातली बांगडी निघाल्यावर मनगटावर वळ राहतो, तशी.

त्यांनी पेल्याचा तुकडा बद्रीनाथच्या हातात ठेवला. "ह्याचं निळं काढून दाखव."

त्यानं नखानं खरवडलं, किल्लीनं खरवडलं. निळं हिरव्यात मुरलेलं होतं. "बाई, थट्टा करता काय? हे निघतं का कुठं?"

"तेच म्हणते मी," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि दोन्ही तुकडे त्यांनी पिशवीत टाकले.

*

कुलथे शेडबाहेर गाडीला टेकून उभे होते.

"काल सकाळी मी वेरूळला होतो, ताई. चौथऱ्याचा दिवा बघत होतो. मॅडमपण तिथंच. हॉटेलवाले गवाह आहेत."

"भट्टी बंद पडली तर तुमचं बरंच आहे."

"आहे ना. मैं कहाँ छुपा रहा हूँ? ही बाई एक पेला फुगवते तोवर साच्यातून ढीगभर निघतात. पण रांजण कंपनीचा माल होता. स्वतःचाच माल फोडू?"

"फुटलेल्या काचांचं काय करायचं, ते तुम्ही सांगितलंत?"

"मला काय त्याचं? ड्रममध्ये घाला, नाल्यात घाला. उद्यापासून इथं काच वितळणारच नाही." त्यांनी घड्याळाकडं पाहिलं. "संध्याकाळी माफी, नाहीतर खटका बंद. माफी मागूनही बंद होईल एक दिवस, ते सोडा."

कुलथे लांब गेल्यावर बद्रीनाथ कुजबुजला, "हाच. ह्याचं तोंडच सांगतं."

"तोंडावरून पकडायचं तर मी आधी तुला पकडलं असतं."

ऋजुता शेडच्या कोपऱ्यात आपल्या मेजाशी बसली होती. समोर कोरा कागद, हातात पेन्सिल, कागदावर एकही रेघ नाही.

"मावशींनी मुद्दाम केलं असं मला वाटत नाही," ती म्हणाली. "पण त्या बोलल्या होत्या ना सगळ्यांसमोर, टिकणार नाही म्हणून. लोकांनी त्याचा अर्थ लावला."

"तुम्ही काच कुठं शिकलात?"

"आधी अहमदाबादला, मग बाहेर. दोन वर्षं काचेचा स्वभाव, तिचं तापणं, निवणं, एवढंच शिकवलं."

"आणि हा निळा कसा करता?"

"ह्याच बाटल्यांच्या काचेत तांब्याचा रंग घालतो. मूळ काच हिरवट, म्हणून निळाही हिरवट येतो. हॉटेलवाल्यांना मात्र फोटोतल्यासारखा हवा होता."

"मिळाला?"

पेन्सिल थांबलेलीच होती, तरी थांबल्यासारखी वाटली. "बऱ्यापैकी." मग ती घाईघाईनं म्हणाली, "मी कुलथेंना कालपासून विनवतेय, गॅस बंद करू नका. मावशींनी दोन शब्द म्हटले तर भट्टी वाचेल. तुम्ही त्यांना समजवाल का?"

तिचे डोळे भरले होते. बद्रीनाथला तिची कीव आली. बाई मात्र उठून चालू लागल्या, आणि फरशीवर त्यांच्या पाठोपाठ आवाज आला. कर्र. कर्र.

"बद्रीनाथ, एक बेल."

तो जागच्या जागी थांबला. एक बेल म्हणजे थांबायचं, ही सवय हाडात गेलेली.

"उजवी चप्पल दे."

केसातला आकडा काढून त्यांनी चपलेच्या तळातून काहीतरी उपसलं आणि उजेडात धरलं. निळ्या काचेचा, काडीएवढा तुकडा होता. नुसता निळा. हिरव्याचा त्याला स्पर्श नव्हता.

*

संध्याकाळी शेडमध्ये खुर्च्या मांडल्या गेल्या. हॉटेलच्या मालकीणबाई आणि त्यांचे भाऊ बसले. कुलथे गॅसच्या खटक्याशेजारी उभे राहिले. पुतळाबाई भट्टीपुढं उभी राहिली. तिनं इस्त्रीचं लुगडं नेसलं होतं, जणू सत्कारच होता.

"बोला, पुतळाबाई," कुलथे म्हणाले.

"मला काय बोलायचं नाय. माझ्या वतीनं ह्या बाई बोलतील."

द्वारकाबाईंनी पाण्याची बादली मागवली. सोनाजीनं ती भट्टीशेजारी ठेवली. बाईंनी पिशवीतून तीन तुकडे काढले: पेल्याची जुनी निळी किनार, रांजणाचं हिरवं, आणि घंटागाडीत घालताना फाटकाशी सांडून चपलेत रुतलेला निळा. एकेक चिमट्यात धरून भट्टीच्या तोंडाशी तापवला आणि पाण्यात सोडला.

हिरवा तडतडला आणि त्याचा चुरा तळाशी बसला.

पेल्याची किनार तशीच फुटली.

तिसरा तुकडा चर्र करून बुडाला. द्वारकाबाईंनी हात घालून तो बाहेर काढला. अख्खा होता.

"रसायनशाळेत मी अशीच काच धूत आले," त्या म्हणाल्या. "ही आच सोसते, गार पाणीही सोसते. हिला मऊ व्हायला आगही जास्त लागते. सोनाजीच्या भिवया त्यापायी गेल्या. पुतळाबाईंच्या भट्टीतली ही काच नव्हं. बाहेरून आणलेली कांडी आहे, रंगानं देखणी. हिरवट झाक नाही, याचं खुद्द पुतळाबाईंनाही नवल वाटलं होतं."

"मग? रांजण फोडला कोणी?" मालकीणबाईंनी विचारलं.

"कोणीच नाही. दोन्ही काचा तापल्या की फुगतात, निवल्या की आकसतात, पण सारख्या नाही. हिरवी आपल्या मापानं आत ओढते, निळी ओढू देत नाही. आतल्या आत ओढाताण चालू. म्हणून टिचकी मारल्यावर तो बद्द वाजला. सकाळी कुठंतरी धीर सुटला आणि टक् झालं. निळा धागा हिरव्यात मुरलाच नव्हता, म्हणून तो साफ सुटा झाला. पेल्याचं निळं काढायला बद्रीनाथची अर्धी किल्ली झिजली, तरी निघेना. आणि रांजणाचं निळं बन्सीनं हातानं निवडलं. तेव्हाच कळलं, हे निळं इथलं नव्हं."

कुलथे हसले. "म्हणजे मी ते निळं आणलं, असं म्हणायचंय ना?"

बद्रीनाथनं आशेनं बाईंकडं पाहिलं.

"तुमच्याबद्दल मी विचार केला," द्वारकाबाई म्हणाल्या. "पण रांजणाच्या काचा ड्रमात जातात, ड्रमातून मुशीत. हे परकं निळं मुशीत मिसळलं असतं तर पुढचं हरेक भांडं तडकलं असतं. ज्याला ही भट्टी मेलेली हवी, त्यानं निळं खुशाल ड्रमात जाऊ दिलं असतं. तुम्ही तर म्हणालात, कुठंही घाला. पण कोणीतरी एवढं निळंच वेगळं काढून घंटागाडीत घालायला लावलं. ज्या शेडमध्ये काचेचा कण फेकत नाहीत, तिथं. त्या माणसाला दोन गोष्टी ठाऊक होत्या. निळं परकं आहे. आणि भट्टी जगली पाहिजे. तुम्हाला पहिली ठाऊक नव्हती, कुलथेसाहेब, आणि दुसरी नको होती."

बद्रीनाथच्या डोक्यात गाडी पोचली. "हात कापंल म्हणाल्या..." तो पुटपुटला.

सगळ्यांआधी बन्सीनं मान वळवली. "मॅडम?"

ऋजुता उभी राहिली. तिनं नाकारलं नाही.

"त्या दिवशी तुम्हाला घरी पाठवलं, कारण तुमच्या हाताला ती काच लगेच कळली असती," ती बन्सीला म्हणाली. मग सगळ्यांना. "मला माहीत होतं, दोन काचा जुळत नाहीत. पण धागा बारीक होता. वाटलं, पेलेल. काल फोन आला तेव्हाच समजलं काय झालंय. तेव्हाच बोलायला हवं होतं."

"मग का नाही बोललात?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"चौथऱ्यावर माझं नाव लागणार होतं."

"अन् माझं?" पुतळाबाईनं विचारलं.

मालकीणबाईंनी कुलथ्यांकडं पाहिलं, कुलथ्यांनी छताकडं.

"मावशी, मी—"

"थांब. माफी कशी असती ते दोन दिवस मलाच शिकवत होता समदे. मला नको ती."

कुलथ्यांनी घसा साफ केला. "ठीक आहे. बाईंनी फोडला नाही. पण रांजण तर नाही ना? ऑर्डर गेली. कंपनी रिकाम्या भट्टीला गॅस का देईल? ही कधी विझली नाही म्हणता, तर आज विझेल, आणि विझली की संपली." त्यांनी एक बोट खटक्यावर ठेवलं आणि पुतळाबाईकडं पाहिलं, तिनं काही म्हणावं म्हणून.

"दाबा," पुतळाबाई म्हणाली. "गॅस तुमचा हाय. शेड माझ्या सासऱ्याची."

खटका पडला. घुंऽऽ थांबलं. इतकी वर्षं त्या आवाजाखाली दबलेली गल्ली एकदम ऐकू आली: कुठंतरी कुकरची शिट्टी, कुठंतरी पोरांचं भांडण. सोनाजीनं भिंतीला हात टेकला.

"सोनाजी, रडत बसू नको. फुंकणी दे," पुतळाबाई म्हणाली. "मुशीत काच ऱ्हायली तर मूस तडकंल. काचच ऱ्हायली नाय तर कशी तडकंल? धग हाय तवर समदी काच काढायची. बन्सी, तू पेले. सोनाजी, भट्टीच्या तोंडाला इटा लाव, वारं लागू देऊ नको. उद्या बाभळीचे ओंडके सांग. गॅस यायच्या आधी काय ही फुंकरीवर चालत होती?"

तिनं फुंकणी मुशीत बुडवली, फिरवली, आणि टोकाला लालभडक गोळा घेऊन वळली. गाल फुगले. गोळ्यात पोकळी धरली. बन्सी धावला. बद्रीनाथनं न सांगता सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि विटा उचलायला लागला.

ऋजुता तशीच उभी होती. पुतळाबाईनं फुंकणी न थांबवता कोपऱ्यातली लांब दांड्याची लोखंडी पळी पायानं तिच्याकडं सरकवली.

"तळाची काच काढ. ती जड असती. अन् मुशीला ओरखडा येऊ देऊ नको."

ऋजुतानं पळी उचलली.

हॉटेलच्या मालकीणबाई जायला उठल्या होत्या. त्या दारात थांबल्या. पुतळाबाईच्या फुंकणीच्या टोकावर काहीतरी मोठं होत चाललं होतं. हिरवट. धागा नसलेलं.

"हे कोणासाठी करताय?" त्यांनी विचारलं.

पुतळाबाईनं तोंडाची फुंकणी काढली. "अजून ठरवलं नाय," ती म्हणाली, आणि पुन्हा लावली.

कुलथे खटक्याशेजारीच उभे होते. आता त्याचं काही काम नव्हतं.

*

सोनाजीला आठवत नव्हतं, पण भट्टी त्याआधी एकदा विझली होती. पुतळाबाईच्या लग्नाच्या दिवशी सासूनं मूस रिकामी करून ती मुद्दाम गार केली होती, आणि तिसऱ्या दिवशी पेटवायची काडी नव्या नवरीच्या हातात दिली होती.